उजवा बूट

राखेची बादली घेऊन मागच्या पायरीवर घसरले
तो डिसेंबरचा नववा दिवस.
बादली तीनदा गडगडली, मी एकदाच.
घोट्यात आता एक पट्टी आणि सहा स्क्रू.
सर्जन म्हणाला, सुतारकामच हे,
आणि स्वतःच हसला.

शेजारच्या ऑरिन थिबोदोनं माझा पलंग खाली आणला,
स्वयंपाकघरात, लाकडाच्या स्टोव्हजवळ.
तेव्हापासून मी जमिनीलगत राहते
आणि जमिनीलगत आणखी कोण राहतं
ते मला कळू लागलं.

रात्री दोनला सुरू होतं.
आधी भिंतीत, मग सिंकखाली,
मग पडवीतल्या पोत्याशी,
पक्ष्यांसाठी आणलेल्या सूर्यफुलाच्या बिया कमी होतात,
आणि पक्षी तर दिवसा चार येतात, मोजून.

मेन राज्याच्या या टोकाला हिवाळ्यात
उंदीर कुणाच्या घरी नसतो?
ऑरिन म्हणतो, ज्याच्या घरी नाही
त्याचं घर राहण्यालायक नाही.
तरी त्याने सहा सापळे आणले, लाकडी,
प्रत्येकावर शेंगदाण्याचं लोणी, बोटानं लावलेलं,
आणि बोट चाटलं.

मला पुस्तक पुरं करायचं होतं.
आईच्या कारखान्याचं, सार्डिनच्या डब्यांचं.
ती रोज पहाटे बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची,
दहाच्या दहा,
मग कात्रीनं माशांची डोकी उडवायला जायची.
एवढं लिहिलं होतं. पुढचं येत नव्हतं.
पाय उशीवर, वही पोटावर,
पंधरा दिवस डोंगर पोखरला
आणि निघालं काय, ते तर भिंतीत खुडबुडत होतंच.

जानेवारीतल्या एका रात्री सापळा मिटला.
कट्.
मग शांतता व्हायला हवी होती.
झाली नाही.
काहीतरी लाकूड ओढत निघालं फरशीवरून,
टक्, आणि थांबणं, टक्, आणि थांबणं.
हा आवाज मला ओळखीचा होता.
दिवसभर मी तोच करत होते, कुबड्यांनी,
पलंग ते संडास.

उठले नाही.
उठायला मला चार मिनिटं लागतात
आणि उठून काय केलं असतं ते ठाऊक नव्हतं.
पहाटे फ्रिजमागे सापळा सापडला, रिकामा.
लोण्यावर दोन केस.
ऑरिनला म्हटलं, बाकीचे पाच घेऊन जा.
का, त्याने विचारलं नाही.
तो फक्त म्हणाला, मग पीठ डब्यात ठेव.

प्लास्टर अकराव्या आठवड्यात निघालं.
आतला पाय दुसऱ्या कुणाचा होता,
फिकट, खवले धरलेला, केस वाढलेला.
डेल्फीन, व्यायाम शिकवणारी मुलगी, म्हणाली,
अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा,
एपासून झेडपर्यंत, दिवसातून तीनदा.
काढते.
एम बरा जातो. क्यूच्या शेपटीला कळ येते.
त्या महिन्यातलं माझं सगळं लेखन एवढंच,
आणि त्याची एकही ओळ खोडावी लागली नाही.

काल ऊन होतं. बर्फ छपरावरून ठिबकत होता.
म्हटलं, पत्रपेटीपर्यंत जाऊ.
दाराशी बूट तसेच उभे,
डावा चिखलाचा, वापरातला,
उजवा डिसेंबरपासून कोरडा.
पाय घातला तर जाईना.
उलटा केला.

बिया. ओंजळभर नाही, दोन मापं भरतील,
सालासकट, एकही न फोडलेली.
आणि टाचेच्या जागी, दाबून बसवलेला
कापसाचा गोळा,
माझ्याच प्लास्टरच्या वरच्या कडेचा.
म्हणजे मी झोपलेली असताना
कुणीतरी माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं.

खाली बसून हसले, मग जरा भीतीही वाटली,
मग गुडघा उगाच पुसला.
बिया परत भरल्या.
सगळ्या नाही जमल्या; काही फटीत गेल्या.

डाव्या पायात बूट,
उजव्यात ऑरिनची विसरलेली रबरी चप्पल, तीन मोजे,
अशी गेले.
अडतीस पावलं.
पेटीत विजेचं बिल होतं.
परत यायला एक्केचाळीस लागली,
मध्ये थांबून मी आईच्या कात्रीचा
आवाज कसा होता ते आठवत होते.